भैयाजीची काळी जीभ

माझे भाऊजी भैयाजी अल्लीपुरात वांगी पिकवत. वांगी चांगली असत, त्यात वाद नाही. पण वांग्यांसाठी कोणी कोणाची आठवण काढत नसतं. भैयाजींची आठवण निघते ती बैलांमुळे. माझी थोरली बहीण शालूबाई त्यांना दिलेली, तेव्हा त्यांची थट्टा करण्याचा हक्क मला लग्नातच मिळाला आणि तो मी अजून सोडलेला नाही. तरी सांगतो, बैल पाहावा तर भैयाजींनीच.

अल्लीपूरला माघात शंकरपट भरायचा. हलक्या रेंगीला, म्हणजे छोट्या गाडीला, जुंपलेल्या बैलांच्या दोन जोड्या शेजारशेजारच्या वाटांवरून सुटायच्या, आधी पोचेल ती पुढच्या फेरीत जायची, हरलेली घरी. असं करत दिवस मावळायच्या आत एकच जोडी उरायची. पट म्हणजे सगळ्या गावांचा सण. पाहुणे यायचे, लेकी माहेरी यायच्या, भज्यांच्या कढया दिवसभर उतरायच्या नाहीत.

त्या दिवशी भैयाजी उजाडताच पटाच्या वाटेवरून अनवाणी चालून यायचे. माती कुठे दाबलेली, कुठे भुसभुशीत, हे पायानं बघायचे. मग एकेक जोडी चालवायला लावायची आणि मागून तिच्या खुरांच्या खुणा पाहत जायचं. मागच्या खुराची खूण पुढच्या खुराच्या खुणेपलीकडे पडली की मान डोलवायची. गवळाऊ जातीचा बैल उभा सगळाच देखणा दिसतो, पांढराशुभ्र, लांब तोंडाचा. भैयाजी म्हणायचे, "उभ्या बैलाले काय पाह्यता? चालाले लागला का तो सोताच सांगते." आणि मग ते अशी काही जोडी उलगडून दाखवायचे की भजी हातात थंड व्हायची.

एवढं सगळं खरं, पण भैयाजींनी नाव घेतलेली जोडी जिंकायची नाही.

पहिल्या वर्षी रेंगीचा आस मोडला. दुसऱ्या वर्षी जोडीतल्या एकाला बाजूच्या शेतातली तूर दिसली आणि तो रेंगी, जोडीदार आणि धुरकरी, म्हणजे हाकणारा माणूस, असे सगळे घेऊन तुरीत शिरला. तिसऱ्या वर्षी काही झालं नसतं, पण लोकांनी ते होऊ दिलं नाही. भैयाजींनी नाव घेतलं हे ऐकताच मालक घाबरला. त्यानं लिंबू कापलं, खुरांवर काय काय शिंपडलं आणि ऐन वेळेला धुरकरी बदलला. बैलांना नवा हात ओळखीचा नव्हता. झेंडी पडली तरी ते जागचे हलले नाहीत. तेव्हापासून ठरलं, भैयाजीची जीभ काळी. मला विचाराल तर त्यात जिभेचा दोष काहीच नव्हता. घाबरलेला मालक बैलाला धड धावू देत नाही, इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट पटायला गावाला फार वेळ लागतो.

पटाचे पंच मनोहरराव पाटील मोठे मुत्सद्दी. त्यांनी भैयाजींना येऊ नका असं कधी म्हटलं नाही. उलट मांडवात मानाची खुर्ची दिली, बैलांपासून चांगली लांब, आणि जिलबीची बशी रिकामी होऊ द्यायची नाही असा हुकूम दिला. तोंड भरलेलं असलं की नाव निघत नाही.

असा मान पाच-सहा वर्षं चालला. अठ्ठावन्न सालच्या माघात शालूबाईचा मला हिंगणघाटला निरोप आला, ताबडतोब ये. मी गिरणीतून रजा काढून गेलो तर भाऊजी धडधाकट. वाफ्यात पाणी वळवत होते. शालूबाईनं मला बाजूला घेतलं.

"पटाले जात नाई म्हनतात," ती म्हणाली. "त्याचं काई नाई रे. पन घरी बी बैलाचं नाव काढत नाईत. मोटेच्या बैलाशी बोलत होते, ते बी सोडलं. म्हनतात, माह्या बोलन्यानं वाईट होते लोकाइचं. तू घेऊन जा त्याइले पटाले. मानूस असाच गप झाला तं मी काय करू?"

तिचे डोळे भरले होते. शालूबाई सहसा रडत नाही, रडवते. मी घाबरलो आणि भाऊजींना जवळजवळ ओढतच पटावर नेलं. शालूबाईही मागोमाग आली.

मांडवात खुर्ची तयार होती. जिलबी आली. भाऊजींनी खाली मान घालून खाल्ली. समोरून जोड्या जात होत्या, घुंगरं वाजत होती आणि हा माणूस बशीकडे पाहत होता. तेवढ्यात कोणा एका गावचा टोपीवाला विडा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "भैयाजी, वायगावच्या ताराचंदच्या जोडीचं नाव घ्या ना जरासं. आमची फेरी त्याइच्याच संगं आहे." आजूबाजूचे हसले. भाऊजींनी विडा परत त्याच्या हातात ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्या टोपीवाल्याची टोपी उडवावीशी वाटली. उडवली नाही, कारण तो माझ्यापेक्षा दांडगा होता.

तेव्हा हरिदास आला. हरिदास अल्लीपूरचाच, बौद्ध वस्तीतला. सव्वा वर्षापूर्वी नागपूरला जाऊन सगळ्या घरादारानं दीक्षा घेतली होती. थोडी जमीन, आणि घरच्या गाईचे दोन गोऱ्हे त्यानं हातानं वाढवले होते, लाखन आणि बिजल्या. वस्तीतली जोडी पटात उतरण्याची ही पहिलीच वेळ. मनोहररावांनी नाव लिहून घेताना घसा दोनदा साफ केला होता, पण घेतलं होतं. हरिदासच्या मागे त्याची बायको कमला उभी होती आणि ती काही खुशीत दिसत नव्हती.

"भैयाजी," हरिदास म्हणाला, "चला, माही जोडी पाहा. अन् काय दिसते ते सांगा, साऱ्याइच्या समोर."

मनोहरराव म्हणाले, "अरे, त्याइले जिलबी तं खाऊ दे."

"हरिदास, तू दुसऱ्या कोनाले इचार," भाऊजी म्हणाले. "माही जीभ तुले मालूम आहे."

"मालूम आहे ना." हरिदास शांतपणे म्हणाला, आवाज न चढवता. "आमची सावली पडली का इटाळ होते म्हनत होते लोक. तुमी नाव घेतलं का जोडी हारते म्हनतात. दोन्ही एकाच पोत्यातले दाने आहेत, भैयाजी. एक दाना मी फेकून आलो. दुसरा काऊन ठेवू?"

भाऊजींनी बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि उठले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे शालूबाई, तिच्या मागे निम्मा पट.

भाऊजींनी जोडीभोवती एक फेरी मारली. बैल चालवायला लावले. वाकून खुणा पाहिल्या, खांद्यावर हात फिरवला, कोणीतरी जवळच डफडं वाजवत होता तिकडे बिजल्याचा कान कसा वळतो ते पाहिलं. सुरुवातीला आवाज फुटेना. मग फुटला, आणि काय फुटला.

"हा लाखन सुटाले मठ्ठ आहे. सुरुवातीले तू मागं पडशीन, पडू दे. वाटेवरच्या बाभळीपासून पुढं माती कडक आहे, तिथून पट त्याचा. बिजल्या डफड्याले बुजते, आत जोडीदाराकडं दाबते. त्याले मारू नोको, नुसता आवाज दे, तुह्याच आवाजात वाढला तो. तुतारी हातात घेऊच नोको." तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी. "आज याच्यावरची जोडी मले दिसली नाई. तोडीची एकच आहे, ताराचंदची. तिचा उजवा बैल तं सोनं आहे."

लोक असे मागे सरकले जणू बैलांनी लाथ उगारली. कमलानं शालूबाईचा दंड धरला. "बाई, बोलले व ते," ती म्हणाली. "मानत नाई मी, पन भेव वाटून राह्यलं."

"वाटू दे," शालूबाई म्हणाली. "मले बी वाटून राह्यलं."

लगेच सल्लागार जमले. कोणी म्हणाला बैलांच्या जागा बदल, कोणी म्हणाला निदान काळा दोरा तरी बांध. हरिदासनं बैलांना पाणी पाजलं आणि तो त्यांच्या सावलीत बसून राहिला. तुतारी त्यानं कमलाच्या हातात दिली.

ताराचंदांच्या गोटात मात्र वेगळाच गोंधळ. त्यांच्याही जोडीचं नाव भैयाजींच्या तोंडून निघालं होतं, आणि वर सोनं म्हटलं होतं. ताराचंद तसे शहाणे गृहस्थ, पण भोवतीच्या माणसांनी त्यांना शहाणं राहू दिलं नाही.

दुपारभर हरिदासची जोडी एकेक फेरी काढत गेली. प्रत्येक फेरीला मागे पडायची आणि बाभळीपासून पुढे निघायची. प्रत्येक वेळी लोक म्हणत, आता पुढच्या फेरीत जीभ लागते पाहा. उन्हं कलली तेव्हा दोनच जोड्या उरल्या, हरिदासची आणि ताराचंदांची. सुटायच्या जागी ताराचंदांची जोडी आली आणि भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"जागा बदलली रे त्यानं," ते मला म्हणाले. "उजवा बैल डावीकडं घातला. काऊन केलं असं? एवढी चांगली जोडी."

दुसऱ्याची जोडी बिघडली म्हणून हळहळणारा माणूस मी त्या मैदानात एकटाच पाहिला.

झेंडी पडली. ताराचंदांची जोडी सुटली ती बाणासारखी, धुरकरी पहिल्यापासून तुतारी टोचत होता. लाखन नेहमीसारखा मठ्ठ. दोन रेंग्यांइतकं अंतर पडलं. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं, लागली जीभ." भाऊजींनी माझा हात असा दाबला की बोटं कळवळली, पण डोळे मिटले नाहीत. तिकडे वाटेच्या कडेला डफडं घुमलं, बिजल्या आत दाबायला लागला आणि हरिदासचा आवाज आला, "बिजल्या रे, ये बापू, ये." बस, एवढंच. कान सरळ झाला. बाभूळ आली आणि लाखननं मान खाली घातली. ताराचंदांचे बैल भलत्या बाजूला जुंपलेले, एकमेकांना ढकलत होते. हरिदासची जोडी त्यांच्या बरोबरीला आली, मग पुढे गेली, आणि एका मानेच्या फरकानं पोचली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी नाचलो असं शालूबाई म्हणते. कमला तुतारी उंच धरून धावत होती, हे मात्र पाहिलं. मनोहररावांनी घसा साफ न करता हरिदासला फेटा बांधला.

काळी जीभ मानणारे लोक काही हरत नसतात. ते म्हणाले, पाहा, ताराचंदचं नाव घेतलं ना, हारला. मग हरिदासचं घेतलं त्याचं काय, विचारलं तर म्हणाले, ते आधी घेतलं होतं, तोवर उतरलं. पण ताराचंद स्वतः भैयाजींकडे आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "भैयाजी, जागा बदलून मीच चुकलो. माह्या बैलाइचं आता नीट सांगा." भाऊजींनी सांगितलं. मग दुसऱ्या गावचा आला, मग तिसरा. ज्यांच्या जोड्या सकाळीच घरी जायच्या त्याही थांबल्या होत्या. भाऊजी खुणा पाहत, खांदे चाचपत, बोलत होते. रागावत होते, हसत होते. विडावाला टोपीवालाही रांगेत होता. त्याच्या बैलांची त्यांनी मनापासून तारीफ केली आणि त्याला चांगलंच झापलं. शालूबाई दूर उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि सगळ्यांना सांगत होती की धूळ गेली.

दिवस मावळायला आला तेव्हा भाऊजींचा आवाज पार बसला. ते हरिदासच्या रेंगीजवळ गेले. हरिदास फेटा सावरत नुसता हसला.

"कमला," भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घसा सुकला. पानी दे."

भोवती माणसं होती, मनोहरराव होते. त्या काळी वस्तीतल्या हातचं पाणी आमच्यातलं कोणी मागत नसे. कमलानं गडवा भरला, पण पुढे करेना, नवऱ्याकडे पाहू लागली. मग स्पर्श टाळायच्या सवयीनं वरून ओतायला तिनं तो उंच धरला. भाऊजींनी ओंजळ केली नाही. त्यांनी तिच्या हातातून गडवा घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला.

शालूबाई माझ्या बाजूला उभी होती. सोवळंओवळं आमच्या घरात कोणी पाळत असेल तर ती. ती पुढे गेली आणि तिनं हात पुढे केला.

"सारं नोका पिऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "मले बी ठेवा."

तिच्यानंतर मी प्यालो.