अठरा इंचांचा मोह

आमचं टायरचं दुकान पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर होतं. बाबांनी तिथे पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, आणि मी हाताशी आल्यावर आम्ही अलाइनमेंटचं मशीन घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे बंदरावरचे कंटेनर ट्रेलर, वीटभट्टीचे ट्रक, टेम्पो, फार तर नेऱ्याकडच्या एखाद्या फार्महाउसवाल्याची जीप. दिवसभर काळे, जाड, चिखलाने भरलेले टायर. मला त्यांचा कंटाळा आला होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. दुपारी काम नसलं की मी मोटारींची मासिकं चाळत बसायचो आणि रुंद, चपट्या टायरांवर बसलेल्या खुज्या गाड्या बघायचो. अशी एक तरी गाडी माझ्या हातून उभी राहावी असं वाटायचं.

ती गाडी आणली माझ्या शाळेतल्या मित्राने. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. तो मोहल्ल्यातला, घरातली दोन माणसं आधीच आखातात होती, मग तोही गेला. तिकडे एसी दुरुस्तीचं काम करायचा आणि वर्षाला दोन महिने घरी यायचा. एक्स्प्रेसवे होऊन सात-आठ वर्षं झाली असतील त्या सुमारास एका सुट्टीत त्याने मुंबईतून दोन दारांची जपानी कूपे घेतली. जुनीच, पण अंगाने टकाटक, गडद निळी. सकाळी त्याने ती दुकानासमोर लावली तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली.

आधीच्या मालकाने गाडी लो केली होती. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्यामुळे सगळं अंग दोन-तीन बोटं खाली आलं होतं. चाकं मात्र कंपनीचीच, सोळा इंची. मडगार्डच्या कमानीखाली ती बारीक आणि आत ओढल्यासारखी दिसत.

"बघ ना," मित्र म्हणाला, "पैलवानाच्या अंगाला पोराचे पाय. अठरा इंची मॅगव्हील टाकायचे. रुंद. कमानीच्या काठाला लागून पाहिजेत."

मी म्हणालो, "बघतो."

माझं काम ते बघणंच होतं. टायरवर लिहिलेले आकडे फार अवघड नसतात. या गाडीच्या टायरवर २०५/५५ आर १६ होतं. म्हणजे रुंदी दोनशे पाच मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या पंचावन्न टक्के, आणि रिम सोळा इंच. रिम मोठी केली तर भिंत तेवढी बुटकी करायची, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते. २२५/४० आर १८ घेतलं तर पाच मिलिमीटरचा फरक पडत होता. तो काही फार नाही. उंची बसली, आणि मी खूश झालो.

अडचण होती ऑफसेटची. रिम जिथे गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, त्याचा हा आकडा. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं. मित्राने मुंबईत पसंत करून ठेवलेली मॅगव्हीलची चकचकीत रिम आठ इंच रुंद आणि कमी ऑफसेटची होती. मी हिशोब केला तर चाकाची कड मूळच्यापेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाहेर येत होती. उंच गाडीला ते कदाचित चाललं असतं. या गाडीला आखूड स्प्रिंगा होत्या, वजनाने अंग दबलं की मडगार्ड टायरला टेकणार होतं. सतरा इंची रिम, थोडी कमी रुंद, २२५/४५ चा टायर घेतला असता तर कड एक सेंटिमीटरही बाहेर आली नसती. बरोबर उत्तर सतरा होतं. मला ते त्याच दुपारी कळलं होतं.

मी ते त्याला सांगितलं, पण कसं सांगितलं? "सतराही छान दिसेल रे." एवढंच. तो हसून म्हणाला, "छान नको, कडक पाहिजे." आणि मी पुढे काही बोललो नाही, कारण मलाही अठराच हवे होते.

चाकं चढवली त्या दिवशी बाबा खुर्ची टाकून बसले होते. मी टायर आणि मडगार्डमध्ये बोट घालून जागा तपासली. बोट कसंबसं जात होतं. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, कुठे लागत नव्हतं.

बाबा म्हणाले, "रिकामी गारी मापतोस? मागं मानसं बसव, मंग बघ."

"कूपे आहे ती बाबा. मागे कोण बसतंय?"

"शीट हाय ना मागं? मंग बसनार."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मित्र चार पावलं मागे जाऊन गाडीकडे बघत होता आणि त्याचं तोंड असं फुललं होतं की मला दुसरं काही दिसत नव्हतं. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत होते, चाकं कुठे बसवली? तो माझ्याकडे हात करायचा.

दोन आठवड्यांनी तो आला. "मागे बहिणीला आणि बायकोला बसवलं की खड्ड्यात खरखर आवाज येतो."

मी गाडी जॅकवर घेतली. मागच्या डाव्या चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर घासलेलं होतं. मी ते कटरने दोन बोटांएवढं कापून काढलं. त्याच्या आत मडगार्डच्या पत्र्याची दुमडलेली कड होती, आणि तिच्यावरचा रंग उडून पत्रा चकाकत होता. तो मी पाहिला. कड ठोकून आत वळवायला हवी होती, किंवा चाकं परत काढायला हवी होती. पण ठोकली तर निळा रंग तडकला असता, आणि काढली तर मी चुकलो हे उघड झालं असतं.

"अस्तर लागत होतं," मी म्हणालो. "आता काही नाही. बिनधास्त चालव."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तो आईला, बहिणीला आणि बायकोला घेऊन उरणला निघाला. तिथे आईच्या माहेरी लग्न होतं. ट्रेलरची रांग टाळायला त्याने चिरनेरची वाट धरली. दुपारी मला त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "टायर फुटला. गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. अम्मीला लागलंय."

मी टोइंगची गाडी घेऊन पोचलो तोवर एका टेम्पोवाल्याने त्यांना पनवेलला दवाखान्यात आणलं होतं. बहिणीच्या कपाळाला टाके पडले, बायकोला मुका मार लागला. आई पुढे बसली होती. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

मी गाडी दुकानात ओढून आणली आणि मागचं डावं चाक उतरवलं. टायर फाटलेला होता, पण फाटण्याच्या जागेला लागून बाहेरच्या खांद्यावर, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, सबंध गोल एक खाच होती. करवतीने ओढावी तशी, आणि तिच्यातून आतले धागे दिसत होते. खड्ड्याने टायर फुटतो तेव्हा अशी खाच पडत नाही. मागे दोन माणसं बसल्यावर प्रत्येक हादऱ्याला ती पत्र्याची कड रबर कापत राहिली होती. शेवटच्या खड्ड्याने फक्त उरलेलं काम केलं.

मित्र सगळ्यांना सांगत होता, "रस्त्याला खड्डा होता." लोकही माना डोलवत होते. आमच्याकडच्या रस्त्यांबद्दल अशा गोष्टीवर कोण शंका घेणार?

मी तो टायर ट्रकच्या जुन्या टायरांमागे ठेवून दिला. चार दिवस दवाखान्यात डबा घेऊन गेलो, औषधं आणली, त्याच्या आईच्या खाटेशी बसलो. ती डावा हात माझ्या डोक्यावरून फिरवायची आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं. पाचव्या दिवशी बाबांच्या हाती टायर लागला. त्यांनी खाचेतून बोट फिरवलं आणि टायर मधोमध, मला दिसेल असा टेकवून ठेवला. संध्याकाळी मी मित्राला दुकानात बोलावलं.

त्याने टायर पाहिला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही, यंत्रांचं काम करणारा माणूस तो.

"तुला माहीत होतं?"

"कड घासतेय हे अस्तर कापलं तेव्हाच दिसलं होतं."

"आणि तू बोललास, बिनधास्त चालव."

"हो."

मला वाटलं तो मारेल. त्याने टायर पायाने आडवा पाडला. मग म्हणाला, "अठरा मीच मागितले."

"तू मागणारच. नाही म्हणायचं काम माझं होतं."

"ते मला नको सांगू," तो म्हणाला. "अम्मीला सांग. जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. तिला घरी आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला. लहानपणापासून मी तिला चाची म्हणायचो. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. पत्र्याची कड, अस्तर, सगळं.

ती म्हणाली, "म्हणजे तो आवाज त्याचाच होता?"

"कुठला आवाज?"

"चिरनेरच्या अलीकडे यायला लागला. खर्र, खर्र. मी बोलले त्याला, बेटा थांब, उतरून बघ. तो बोलला, अम्मी फिकर नको करू, माझ्या दोस्ताने बघितलंय."

तिने मला माफ केलं असं नाही, आणि रागावलीही नाही. सुनेला म्हणाली, याला चहा दे. चहा आला, तो मी प्यायलो. कसा होता ते आठवत नाही.

मित्राने सुट्टी वाढवून घेतली. मी पत्रा, रंग, सगळं करून दिलं आणि मूळच्या सोळा इंची चाकांवर गाडी उभी केली. त्याने ती विकली. आखातात परत जाताना तो भेटला नाही. पुढे ईदला मी फोन करायचो, तो उचलायचा. "सगळं ठीक?" "ठीक." चाचीचं मनगट कायमचं थोडं वाकडं राहिलं. त्या हाताने तिला भरलेला तांब्या उचलता येत नाही, असं तिच्या मुलीकडून कळलं.

त्यानंतर लो केलेली गाडी आली की मी मागच्या सीटवर माणसं बसवूनच माप घेतो. गिऱ्हाईक हसतात. काही जण निघून जातात आणि दुसरीकडे हवी ती चाकं बसवून घेतात. मी त्यांना अडवू शकत नाही.

तीन-चार वर्षांनी मित्र कायमचा परत आला. एकदा पेट्रोल पंपावर भेटला, बरोबर बायको आणि लहान मुलगी होती, गाडी साधी चार दारांची. हवा-पाण्याच्या गोष्टी झाल्या. त्याच्या पुढच्या टायरांची नक्षी पार झिजलेली मला दिसत होती. सांगावं की नाही, कळेना. शेवटी म्हणालो, "पुढचे दोन बदलून घे रे. पावसात धरणार नाहीत."

"घेतो," तो म्हणाला.

आठवड्याने त्याची गाडी बाजारात उभी दिसली. पुढचे दोन्ही टायर नवे होते. मी वाकून आकडे वाचले. माप बरोबर होतं. टायर माझ्या दुकानातले नव्हते.