शेवटच्या ओळीतला इशारा

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. मी बर्फाचा डोंगर कधी पाहिलेला नाही, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर आधीच माफ करा. ही माफी मागायची सवय मला वडिलांनी लावली. ते अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत फिटर आहेत. "साहेबांपुढे आधी सॉरी म्हणायचं, मग काय ते बोलायचं," असं सांगायचे. त्यांचं त्यात निभावलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चांगले विषय इतरांनी आधीच घेतले होते. माझ्या वाट्याला परदेशी डोंगरांवरच्या बर्फाच्या नोंदी आल्या. कोणता थर कधी पडला, कशावर टिकून आहे, कधी सुटतो. दुबईत, देऱ्यातल्या खोलीत एसीखाली बसून मी हिमस्खलनांबद्दल वाचत असे. माझा एकुलता एक मित्र इथेच वाढलेला, सिलिकॉन ओएसिस भागात राहणारा. दर शनिवारी त्याच्या घरी पोहे असत. "ह्याने बर्फ फक्त लस्सीत बघितलाय, आणि निघाला डोंगराला शिकवायला," तो म्हणायचा. काकू हसायच्या. मीही हसायचो.

जानेवारीत तो दोघांबरोबर जॉर्जियाला स्कीइंगला गेला. तिथून त्याने एक व्हिडिओ पाठवला. आखलेली वाट सोडून ते सपाटीवरच्या ताज्या बर्फातून चालले होते. पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज झाला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खचला. "ऐक, डोंगर ढेकर देतोय," तो म्हणाला.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्या आवाजाबद्दल मी वाचलं होतं. खालचा जुना थर थंडीने सुटा होऊन रव्यासारखा झालेला असतो, आणि त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेली नव्या बर्फाची जड लादी. माणसाच्या वजनाने खालचा थर बसला की असा आवाज येतो. उतारावर तेच झालं तर वरची लादी सुटते.

मी मेसेज लिहिला. सॉरी, मला अनुभव नाही, चुकत असेन, तुझी ट्रिप खराब करायची नाही... अशा सात-आठ ओळी झाल्यावर अगदी शेवटी लिहिलं, उद्या उतारावर जाऊ नका.

उत्तर लगेच आलं. "हबीबी, तुलाच माहीत नाही ना? मग खलास. सकाळी वर जातोय."

इतक्या लवकर त्याने शेवटपर्यंत वाचलंच नसणार. फोन करायला हवा होता. तो चिडला तर शनिवारचं बोलावणं बंद होईल, एवढ्याच भीतीने मी केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली.

"दादा, तुझा विषय तोच ना? तू त्याला काहीच सांगितलं नाहीस?"

"सॉरी," मी सुरुवात केली, "म्हणजे मला नक्की..."

"बाकीचे दोघे वाचले, दादा. त्याला आत्ता बर्फातून खणून काढलं. गेला तो."