नदीवरची नोकरी

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला आमच्या चिपच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मेक्सिकन बाई काम करते. गेल्या वर्षी तिनं मला एका रविवारी जेवायला बोलावलं. "तू नुसती बसून राहिलीस तरी ग्रँड, तेवढं पुरे," म्हणाली. "परकं माणूस समोर असलं की आई भांडत नाही."

तिची आई मेक्सिकोहून आली होती आणि मोठ्या बहिणीचा मुलगा टेक्सासहून. आजी आणि नातू सरहद्दीवरच्या एकाच नदीच्या दोन काठांवर राहतात. पण आजीला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही, आणि नातू तिकडच्या सीमा पोलिसांत असल्यामुळे आजीच्या गावात त्याच्या जिवाला धोका. म्हणून समोरासमोर बसायला दोघांनी आयर्लंड गाठायचं! मला आधी हसू आलं, मग स्वतःचीच चीड आली.

आजीचा धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वी ती नदी ओलांडायला गेला, तो परत कुणाला दिसला नाही. फोन नाही, प्रेतही नाही. त्यानंतर वर्षभरातच नातवानं ही नोकरी धरली. तेव्हापासून आजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. नोकरी सोड, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस, एवढाच तिचा निरोप. तरी माझ्या मैत्रिणीनं हट्टानं दोघांना एकत्र बोलावून घेतलं होतं.

मला ते मनापासून पटत होतं. मी बेळगावकडची. सीमावाद पेटलेला असताना माझ्या एका काकांनी कानडी सरकारच्या पोलिसांत नोकरी धरली, तेव्हा आजोबांनी घरात त्यांचं पान मांडणं बंद केलं होतं. मी कुणाच्या बाजूची, हे ठरवूनच जेवायला गेले.

नातू अंगानं आडदांड, पण मान खाली घालून जेवत होता. आजी माझ्याशी बोलत राहिली आणि मुलगी मला इंग्रजीत सांगत राहिली. आजीच्या खापरपणजोबांची जमीन नदीच्या उत्तरेला होती. मेक्सिको आणि अमेरिकेची लढाई झाली आणि जमीन जागची न हलता अमेरिकेची झाली. पुढे त्याच भागात तिचे वडील कापूस वेचायला मजूर म्हणून गेले. मंदी आली, तेव्हा त्यांना आगगाडीत कोंबून परत पाठवलं. "हवे तेव्हा बोलावतात, नको तेव्हा हाकलतात," आजी म्हणाली. बोलणं माझ्याशी होतं, रोख नातवावर.

त्यानं काटा खाली ठेवला.

मग आजी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "तुला तो सापडला का?"

"नाही," तो म्हणाला. मग त्यानं पुढचं सांगितलं. नदीतून कुणाचंही प्रेत निघालं की तो आधी डावा हात बघतो. मामाच्या करंगळीचं पेर लहानपणीच तुटलेलं होतं. सुट्टी असली तरी जातो, दुसऱ्या कुणी काढलेलं असलं तरी जातो. ही नोकरी नसती, तर त्याला कुणी जवळसुद्धा फिरकू दिलं नसतं.

एवढं इंग्रजीत सांगून माझी मैत्रीण थांबली. तिला रडू आवरेना. मला तिथं बसवेना आणि उठवेना. आजीनं नातवाचा हात आपल्या हातात घेतला आणि काहीतरी अगदी थोडक्यात सांगितलं. तो मान हलवत राहिला.

निघताना दारात मी मैत्रिणीला विचारलं, आई शेवटी काय म्हणाली?

"म्हणाली, ती नोकरी सोडू नकोस."