विस्कॉन्सिनच्या खुंट्या

स्वरमंडळ मी सामानात टाकलं नाही. साताऱ्याहून निघताना जुन्या दुलईत गुंडाळून जे खांद्याला लावलं, ते मिनिआपोलिसला उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही. मुंबईला तपासणीच्या बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "गाणाऱ्याने मांडीवर घेऊन छेडायचं वाद्य." त्यांनी दुलईचा कोपरा उचलून एक तार छेडली आणि हसून जाऊ दिलं.

माझा धाकटा भाऊ शिरीष मिनिआपोलिसजवळ ईडन प्रेरीला राहतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याची बायको मेधा लग्नाआधी माझ्याकडेच गाणं शिकायची, त्यामुळे ती मला ताई म्हणते ती दोन्ही नात्यांनी. आदल्या वर्षी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण गाणंही थांबलं. डॉक्टरांनी आवाज येईल असं सांगितलं होतं, कसा येईल ते सांगितलं नव्हतं. आणि मग एका रविवारी तिचा फोन आला, "ताई, इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला मी गाते म्हणून सांगून बसलेय. येताना स्वरमंडळ आणशील?" त्या एका वाक्यावर मी तिकीट काढलं.

विमानतळावरून घरी येताना दुतर्फा बर्फ होता. रस्त्याकडेला साठलेला तो बर्फ माझ्या कल्पनेसारखा शुभ्र नव्हता, मातकट होता. एका गोठलेल्या तळ्याच्या मधोमध मोटारी उभ्या होत्या आणि छोट्या लाकडी खोपट्या.

"आत माणसं बसलीत," शिरीष म्हणाला. "बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तीन तीन तास."

"आणि मिळतात मासे?"

"कधी मिळतात. नाहीतर बिअर असतेच."

घरात मात्र छान ऊब होती, आणि त्या उबेनेच घात केला. हीटरची हवा इतकी कोरडी, की माझ्या टाचांना भेगा पडल्या. लाकडाचंही तेच झालं. लाकूड आकसलं आणि खुंट्या (तारा ताणून धरणाऱ्या लोखंडी पिना) सैल पडल्या. सकाळी लावलेलं स्वरमंडळ दुपारी उतरलेलं असे. मी चावीने पिळायची, सूर जुळला म्हणून हात काढायची, की खुंटी आपली पुन्हा मागे फिरायची. एक दिवस तर मंद्रातली एक खुंटी सरळ निसटली, टप्पा खाऊन जमिनीतल्या जाळीतून (गरम हवा यायला तिथे जाळ्या बसवलेल्या असतात) खाली गेली. शिरीष ऑफिसातून आल्यावर दोरीला लोहचुंबक बांधून पालथा पडला. एक हेअरपिन आणि एक स्क्रू एवढं वर आलं. खुंटी काही आली नाही.

मेधा जिन्यात उभी राहून बघत होती. "राहू दे ना ताई," ती म्हणाली. "नुसत्या तानपुऱ्याच्या मशीनवर म्हणेन. नाहीतर कॅन्सलच करते. त्यांच्याकडे डान्स आयटम भरपूर आहेत."

ती हे हसत म्हणाली, पण मला त्यातलं 'कॅन्सल' तेवढं ऐकू आलं. खुंट्या मिळाल्या नाहीत तर तिला कारण मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जरा जाड खुंट्या शोधायला वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर गिटारी. दंडावर मासा गोंदवलेल्या विक्रेत्याने स्वरमंडळ काउंटरवर अलगद ठेवलं, सगळीकडून पाहिलं आणि म्हणाला, "फारच सुंदर आहे. पण मी असं काही कधी पाहिलं नाही." त्याने गिटारच्या खुंट्या आणून दाखवल्या. त्या म्हणजे लहान बाळाला मोठ्या माणसाचे जोडे. मग त्यानेच एका पियानो लावणाऱ्याला फोन लावून रिसीव्हर मेधाच्या हातात दिला. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. पियानोच्या खुंट्या फार जाड पडतील, म्हणाले. पण नदीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये मार्था नावाच्या बाई आहेत, त्या हॅमर्ड डल्सिमर (हलक्या काठ्यांनी वाजवायचं, आपल्या संतूरच्या गोतावळ्यातलं वाद्य) बनवतात, त्यांना विचारा.

शनिवारी शिरीषला काम निघालं, म्हणून मेधा आणि मी दोघीच निघालो. ती ड्राइव्ह करत होती, मी मांडीवर स्वरमंडळ आणि हातात इंटरनेटवरून छापून घेतलेला रस्ता. दोन तासांनी मिसिसिपी लागली. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली ती नदी तिथे तळ्यासारखी रुंद झाली आहे. काठाला बर्फ आणि मधे निळंकाळं पाणी मोकळं झालेलं. पांढऱ्या डोक्याचे गरुड निष्पर्ण झाडांवर शेजारी शेजारी बसले होते. मेधाने गाडी थांबवली. आम्ही काच खाली करून त्यांना बघून घेतलं.

पलीकडच्या गावात एका दुकानात चीज कर्ड्स (ताज्या चीजचे बोटाएवढे तुकडे) घेतले. ते चावताना दातांखाली चक्क कुईकुई आवाज येतो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आवाज आला तरच ताजं." मेधाला हसू आवरेना. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा पोट धरून हसली.

पुढे मात्र कागदावरचा रस्ता आणि समोरचा रस्ता यांचं जमेना. डावीकडे वळायचं तिथे आम्ही उजवीकडे वळलो, आणि परत फिरताना मार्थाबाईंच्याच घराच्या कच्च्या वाटेवर गाडीची चाकं वितळलेल्या बर्फाच्या चिखलात रुतली. मेधाने ॲक्सिलरेटर दाबला की चाकं आणखी खाली जात. तेवढ्यात टेकाडावरून एक ट्रॅक्टर आला. वर साठीच्या उंच बाई, डोक्याला लोकरीची टोपी.

"फोन करणाऱ्या इंडियातल्या मुली तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. मला कोणी मुलगी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. "मार्चमध्ये माझ्याकडे सगळे असेच येतात." असं म्हणून त्यांनी साखळी अडकवली आणि आम्हाला ओढत अंगणात नेलं.

त्यांचं कामाचं दालन म्हणजे जुना गोठा. लाकडाची शेगडी पेटलेली, भुशाचा वास, भिंतीला अर्धवट झालेली डल्सिमर्स टेकवलेली. मार्थाबाई पूर्वी शाळेची बस चालवत. थंडीच्या दिवसांत करायला काहीतरी हवं म्हणून वाद्यं बनवायला लागल्या. त्यांनी स्वरमंडळाची एक खुंटी काढून आपल्या खुंटीशेजारी धरली. त्यांची किंचित जाड होती आणि तिला बारीक आटे होते.

"ही बसेल," त्या म्हणाल्या. "पण ठोकायची नाही, फिरवत आत न्यायची. ज्या धरून आहेत त्यांना हात नको लावायला."

मग मार्थाबाई आणि मी कामाला बसलो. मी सैल खुंटी काढून तारेचं वेटोळं जपून धरायची, त्या नवी खुंटी फिरवत बसवायच्या. माझं इंग्रजी बेताचं आणि त्यांचं बोलणंही बेताचं, त्यामुळे छान जमलं. मधे त्यांनी हॉटडिश (बटाटे, खिमा आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) गरम केला. मी खिमा खात नाही म्हटल्यावर पाव, लोणी आणि स्वतः घातलेलं बीटाचं लोणचं पुढे आलं. मेधाने दोन्हीवर ताव मारला.

खुंट्या झाल्यावर मार्थाबाईंनी त्यांची चावी माझ्या हातात दिली. "आता कुठल्या सुराला लावायचं?"

"काळी चार," मी मेधाला मराठीत म्हटलं, सवयीने. ती पंधरा वर्षांची असल्यापासून तिची तीच पट्टी.

मेधा शेगडीशी पाठ करून उभी होती. "ताई," ती म्हणाली, "पांढरी चारला लाव."

माझा हात थांबला. काळी चारमधून तार सप्तकात सहज फिरणारी ही मुलगी.

"खूप खाली होईल गं."

"वर मला जाता येत नाही. तू यायच्या आधी रोज, शिरीष ऑफिसला गेला की बघायचे. नाही लागत. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच." मग जरा थांबून म्हणाली, "शिरीषला नाही सांगितलंय अजून."

मार्थाबाईंना शब्द कळले नसावेत, पण त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी पांढरी चारला षड्ज धरला आणि भूप लावला. खुंट्या जिथे सोडल्या तिथे राहिल्या. मग स्वरमंडळ मेधाच्या मांडीवर ठेवलं.

तिने आधी नुसता षड्ज लावला. आवाजाला किंचित वाळू होती, आणि खाली कुठेतरी एक भरीवपणा, जो मी तिच्या गळ्यात कधी ऐकला नव्हता. मंद्र धैवतावर ती उतरली आणि तिथे राहिली. पूर्वी ती मंद्रात पाय टेकवून लगेच वर धावायची. आता तिला घाई नव्हती. मी चावी हातातच धरून ऐकत राहिले.

ती थांबली तेव्हा मार्थाबाईंनी उठून शेगडीत एक ओंडका सारला. "आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना वरच गायचं असतं. खालच्या सुरात उभं राहणारं कोणी मिळत नाही."

मेधाने मान डोलावली आणि ओढणीने डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर तिने शिरीषला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग आधी का नाही बोललीस? पट्टीच ना?"

"पट्टीच," मेधा म्हणाली.

पाडवा झाला तो पाडव्यानंतरच्या शनिवारी, कारण सुट्टी तेव्हाच. एका शाळेच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या कड्याखाली गुढी उभी केली होती. नाच झाले, नाटुकलं झालं, मुलं पळापळ करत होती. मेधाने भूप गायला. सुरुवातीला मागे कुजबुज चालू होती, मग ती कमी झाली. एकदा तार षड्जाला आवाज चिरला; तिने तो तसाच सोडला आणि शांतपणे खाली आली.

नंतर जेवणाच्या रांगेत एक काकू तिच्याजवळ आल्या. "मेधा, तुझा आवाज बदललाय गं."

मी ताट घेऊन तिच्याजवळ सरकले.

"हो काकू, बदललाय," मेधा म्हणाली. "श्रीखंड घेतलंत का तुम्ही?"

स्वरमंडळ मी मेधाकडेच ठेवून आले. येताना खांदा मोकळा होता, त्यामुळे विमानात मस्त झोप लागली. साताऱ्यात आता लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंत? मी गरुड सांगते, नदी सांगते, दातांत वाजणारं चीज सांगते. त्यांना मोठे पूल आणि उंच इमारती हव्या असतात. त्या मी फारशा पाहिल्या नाहीत.

पण माझ्या वर्गात एक फरक झाला आहे. पूर्वी नवी मुलगी शिकायला आली की मी पेटी उघडून काळी चार दाबायची आणि म्हणायची, लाव सा. आता पेटी बंदच ठेवते. म्हणते, बाळ, तुला वाटेल तिथून म्हण. ती म्हणते, मी ऐकते, आणि मग तिचा सा पेटीवर शोधते.