समेची वाट

अकोल्याहून अमरावतीला येताना शेजारच्या गृहस्थांनी मोबाईलवर गेल्या शतकातली एक अमेरिकन सिम्फनी लावली. अर्थात अख्ख्या एसटीसाठी. “मोठं बक्षीस भेटलं हाय हिले,” ते म्हणाले. मग भजनाला बसल्यासारखी मान डोलावत त्यांनी समेवर दाद द्यायला हात उचलला. मूर्तिजापूर गेलं तरी हात वरच. “उतरता काय?” म्हणून कंडक्टरही विचारून गेला.

“सम कुठाय?” मी विचारलं.

“येऊन राह्यली नं! बक्षीस काय असंच देतेत काय?”

बडनेऱ्याला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. तो हात थाडकन माझ्या मांडीवर आदळला.

“आली!” डोळे मिटूनच ते म्हणाले.

सिम्फनीला बक्षीस कुणी दिलं, ठाऊक नाही. सम मात्र आमच्या ड्रायव्हरने दिली.