जिद्दीचं बक्षीस

मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्कला कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम. त्यापायी एकाच गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं. पुन्हा दुखावला तर नीट चालताही येणार नाही, असं सर्जननं त्याला आणि मला बजावलं होतं. तरी तो मैदानात उतरलाच.

कॉलेजच्या फुटबॉल क्लबच्या वार्षिक जेवणात त्याला जिद्दीचं बक्षीस दिलं. आधी पडद्यावर व्हिडिओ लावला. गुडघा आत वळतो तो क्षण, अगदी सावकाश, पुन्हापुन्हा. पोरं टेबलं बडवत ओरडत होती. मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

कोच हातात ग्लास घेऊन आला. "पोलादाचा आहे हो तुमचा मुलगा!"

"दुखणं दाबायच्या गोळ्या घेऊन पळतो तो," मी इंग्रजीत म्हणाले.

माझ्या मराठीला एरवी इंग्रजीत उत्तरं देणारा मुलगा चक्क मराठीत पुटपुटला, "आई, प्लीज, इथं नको ना."

कोचनं त्याला विचारलं, "गोळ्या घेतोस?"

"आय'म ग्रँड," मुलगा हसून म्हणाला.

"बघा, ठणठणीत आहे!" कोच त्याची पाठ थोपटून पुढच्या टेबलाकडे गेला. त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

घरी येताच मी क्लबच्या डॉक्टरला सगळं कळवलं. मुलगा आता संघात नाही. माझ्याशी बोलतही नाही. जिने मात्र आधाराशिवाय चढतो.