वफ्राच्या जाळीखालची जांभळी फुलं

आबांना कुवेतमध्ये कायमचं ठेवून घ्यायचं, एवढ्या एकाच हेतूने मी त्यांना वफ्राच्या शेतांवर नेलं. आधीच सांगितलेलं बरं.

आई गेल्यापासून माझे वडील महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला, आमच्या गावी एकटेच राहतात. सोबत काय, तर मधमाश्यांच्या पेट्या. मी हट्टाने त्यांना अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. अकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कागदांसाठी नवऱ्याने खेटे घालायलाही सुरुवात केली. पण खिडकीत बसून माणूस समुद्राकडे तरी किती बघणार? काहीही विचारा, एकच उत्तर, "बरं हाय की."

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी निघालो. वफ्राला साधारण तासाभरात पोचता येतं. मीना अब्दुल्लाच्या आधीच टाकी भरा, पुढे नुसती वाळू आणि उंट. शेतं खासगी असतात, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत. आमची ओळख म्हणजे म्हसळ्याचे दाऊदभाई. एका कुवेती मालकाचं शेत ते सांभाळतात.

त्यांनी थेट हिरव्या जाळीखाली नेलं आणि मी बघतच राहिले. वाळवंटात जांभळ्या फुलांचे वाफे! हेदर म्हणतात याला. मालकाने स्कॉटलंडमध्ये हेदरने भरलेले डोंगर पाहिले, तिथला मध चाखला आणि परत येऊन हुकूम सोडला, आपल्या मधमाश्यांनाही हेच खायला हवं.

"इथली माती चालत नाही, विहिरीचं पाणी खारं," दाऊदभाई सांगत होते. "माती पोत्यातून परदेशातून येते, पाणी गोडं विकतचं. एवढं करून मे महिन्यात सगळं जळतं. मग मालक परत रोपं मागवतो. आता काय बोलायचं, सांगा!" मला हसू आलं.

आबा वाकले. फुलाफुलावर माश्या होत्या. "आगं, ही तर बुटकी कारवी की!"

तो आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता. मग काय, सुटलेच. आमची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा पेट्या कशा जड होतात, दाऊदभाईंना सगळं सांगून झालं. आबा वर्षं सांगतच नाहीत, कारव्या सांगतात. लग्न एका कारवीला, माझा जन्म तिच्या पुढच्या कारवीला. मला आई आठवली. डबा घेऊन आम्ही दोघी पेट्यांपाशी जायचो, ती एका चपट्या दगडावर बसायची आणि मी फुलांमधला गोडवा चोखत हिंडायचे. घरी गेल्यावर ती माझ्या केसांतली फुलं काढायची. फार, फार आठवली.

डाव जमला म्हणून मी मनात खूश. दाऊदभाईंच्या खोलीबाहेर खुबूसची रोटी, तळलेली मासळी आणि चहा घेताना विषय काढलाच. "आबा, दर शुक्रवारी इथे येऊ. राहा ना आता."

"लई ग्वाड वाटलं, पोरी," आबा म्हणाले. "पर यंदा कारवी फुलायची हाय. भादव्यात डोंगर जांभळा होणार आन् मी हितं? मागच्या कारवीला तुझी आई होती. हिच्या पुढची मला दिसंल, न दिसंल."

मला रागच आला. मीच आणलं इथे, मीच फुलं दाखवली आणि त्याच फुलांनी माझं काम बिघडवलं! परतताना बाजारातून टोमॅटोची पेटी घेतली. स्वस्त आणि ताजे मिळतात, जरूर घ्या. आबा घरापर्यंत माश्यांबद्दल बोलत होते. त्या रात्री मी नवऱ्याला कागद थांबवायला सांगितलं.

आबा एप्रिलमध्ये परत गेले. दाऊदभाईंनी दिलेली हेदरची काडी स्टीलच्या पेल्यात वाळून गेली आहे, टाकवत नाही. मे महिन्यात दाऊदभाईंचा निरोप आला, जळलं सगळं, मालकाने नवी रोपं मागवली. यावेळी मला मालकाचं हसू आलं नाही.

मी कुवेतला आल्यापासून दोन कारव्या माझ्याशिवाय फुलून गेल्या. मागच्या वेळी आई फोनवर म्हणाली होती, "ये गं, डोंगर बघून जा." ऑडिट होतं. गेले नाही.

काल साहेबांकडे सप्टेंबरची रजा मागितली. "घरी लग्न आहे का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नाही, फुलं आहेत."

मग आबांना फोन लावला. कारवी बघायला येते, असं सांगितलं.

"बरं हाय की," आबा म्हणाले आणि फोन बंद करायचा विसरून पेट्यांकडे वळले. मी किती तरी वेळ माश्यांचा आवाज ऐकत राहिले.